बार्बाडोस: त्यांची गाडी, माझी बस

आधीच सांगून टाकते. बार्बाडोस बेट भाड्याच्या मोटारीने पाहावं की तिथल्या बसने, असा सल्ला कुणाला हवा असेल तर माझा सल्ला बसचा आहे आणि तो अजिबात निःपक्षपाती नाही. परत आल्यापासून नॉटिंगहॅममधल्या आमच्या ओळखीच्या बायका मला तिथल्या समुद्राचा रंग विचारतात आणि त्यांचे नवरे विचारतात की गाडी कुठली मिळते. दोघांनाही मी हीच हकीकत सांगते. बायका शेवटपर्यंत ऐकतात.

माझे यजमान हाडांचे डॉक्टर. घरीदारी सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात आणि लग्नानंतर लवकरच मीही म्हणायला लागले. मी कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात काम करते आणि रोज बसने जाते, कारण घरात गाडी एक आहे आणि ती डॉक्टरांची आहे. सुट्टीत मात्र मला गाडीत हक्काची जागा असते, ड्रायव्हरच्या डावीकडची. मांडीवर नकाशा, पायाशी थर्मास, पर्समध्ये पेपरमिंट. शिवाय अधूनमधून संत्रं सोलायचं, त्याचे दोरे काढायचे, बिया काढायच्या आणि एकेक फोड डॉक्टरांच्या तोंडात द्यायची. त्यांची नजर रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर. त्यांनी नुसता आ करायचा. रस्ता चुकला तर चूक नकाशावालीची, बरोबर पोचलो तर ड्रायव्हिंग उत्तम! लेक डिस्ट्रिक्टमधली तळी मी नकाशातच निळी पाहिली आहेत. ग्लासगोच्या बाहेर एका राउंडअबाउटवर मी चुकीची एक्झिट सांगितली, तर पुढचे सगळे डोंगर आम्ही तोंडाला कुलूप लावून पाहिले.

बरं, मला गाडी येत नाही असंही नाही. माझ्याकडे लायसन्स आहे. मी पहिल्याच टेस्टला पास झाले. डॉक्टर किती टेस्टना झाले ते इथे लिहीत नाही. एका हिवाळ्यात ते बर्फावर घसरले आणि मनगट मोडून बसले. हाडांच्या डॉक्टरचंच हाड मोडलं म्हणून सगळं हॉस्पिटल हसत होतं. प्लास्टर होतं तोवर मी त्यांना रोज हॉस्पिटलला सोडत होते, परत आणत होते, आणि खोटं कशाला बोलू, मी फार सुखात होते. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी तो हात माझ्यापुढे केला. मला वाटलं, मनगट दाखवताहेत. त्यांना किल्ली हवी होती.

तर, चौऱ्याण्णव साली आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. डॉक्टरांनी मला न विचारता बार्बाडोसची तिकिटं काढली, याचा मला आनंदच झाला. मग ते म्हणाले, "आणि गाडीसुद्धा बुक केलीय. अख्खं बेट पालथं घालू. मॅप मी आणलाय तुझ्यासाठी."

तुझ्यासाठी! लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून नकाशा.

"मी गाडीत बसणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या सीटवर आता मी बसणार नाही. इथे नाही, तिथे नाही. मला चालवू देणार असाल तर बोला."

"अगं, परदेशात? अनोळखी रस्ते, भाड्याची गाडी. तुझा हात तरी बसलाय का?"

"मग तुम्ही गाडीने फिरा, मी बसने फिरते. संध्याकाळी भेटू."

त्यांना वाटलं दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. साउथहॅम्प्टनला शिकणाऱ्या आमच्या केतकीला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती किंचाळलीच. "आई, हा काय मजा आहे? ॲनिव्हर्सरीला तुम्ही सेपरेट फिरणार? बाबा गाडीमध्ये आणि तू बसमध्ये? इट्स लाइक अ डिव्होर्स विथ सनटॅन!"

"असू दे," मी म्हटलं.

ऑइस्टिन्स

आम्ही उतरलो होतो दक्षिण किनाऱ्यावर, ऑइस्टिन्स नावाच्या कोळ्यांच्या गावात, मिस युडोरा नावाच्या बाईंच्या घरी. या बाई तरुणपणी इंग्लंडला आल्या, उभा जन्म नॉटिंगहॅमच्या एका होजिअरीच्या कारखान्यात काढला आणि निवृत्त होऊन मायदेशी परत आल्या. इथे त्यांनी घर बांधलं, वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या आणि घराला नाव दिलं "ट्रेंट", आमच्या नॉटिंगहॅमच्या नदीचं. घरापुढे समुद्र, डोक्यावर नारळ आणि व्हरांड्यात बसून ही बाई म्हणते, "आय अप, मी डक!" आमच्या नॉटिंगहॅमकडे कुणालाही प्रेमाने "मी डक" म्हणतात, आपण "गं बाई" म्हणतो तसं. इतक्या लांब येऊन हे ऐकलं आणि मी त्यांच्या गळ्यातच पडले.

पहिल्या सकाळी फाटकाशी आमची वाटणी झाली. डॉक्टर टोपी घालून पांढऱ्या गाडीत बसले. तिथे भाड्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर एच हे अक्षर असतं. ते दिसलं की गावातले लोक आपली गाडी तिच्यापासून जरा लांबच ठेवतात, असं युडोराबाईंनी मला हळूच सांगितलं. डॉक्टरांनी नकाशा डावीकडच्या सीटवर पसरला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि गेले. मी पर्स काखेत मारून बसस्टॉपकडे निघाले. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण परत फिरावंसं वाटलं नाही.

त्या बेटावर बसस्टॉपच्या पाटीवर गावाचं नाव नसतं. एका बाजूला "शहराकडे" आणि दुसऱ्या बाजूला "शहराबाहेर", एवढंच इंग्रजीत लिहिलेलं. शहर एकच, ब्रिजटाउन. मी ठरवलं, आधी शहराबाहेर. पिवळी मिनीबस आली, आतून गाणी धडधडत होती. मी नॉटिंगहॅमच्या सवयीने खाली मान घालून चढले, पैसे दिले, कुणाशी नजर न मिळवता जागा शोधायला लागले. गाणं चालू होतं, पण बोलणं थांबलं. सगळी बस माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, काहीतरी मोठा गुन्हा घडला. मग हॅट घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, शाळेत उशिरा आलेल्या पोरीला बाई म्हणतील तशा सुरात म्हटलं, "गुड मॉर्निंग!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बसमध्ये शिरणं म्हणजे कुणाच्या तरी घरात शिरणं, आधी बोलायचं. "गुड मॉर्निंग," मी सगळ्यांना म्हटलं. सगळी बस म्हणाली, "गुड मॉर्निंग." गाणं, बोलणं, सगळं परत सुरू झालं. इतकी वर्षं मी ब्रिटिश बसमध्ये गप्प बसायला शिकले होते, ते शिक्षण त्या बाईंनी एका वाक्यात पुसलं. आजोळी, रत्नागिरीकडे, ओटीवर बसलेल्या माणसाला न विचारता पुढे गेलं तर असाच आवाज यायचा.

बस चालवत होती एक बाई. तिचं नाव मार्वा. भरभक्कम, डोक्याला जांभळा रुमाल, कानात मोठ्या रिंगा. मागे जागा नव्हती म्हणून तिने मला स्वतःच्या शेजारी बसवलं. गंमत बघा, एकेकाळी इंग्रजांच्या असलेल्या या बेटावर गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे ही सीटसुद्धा डावीकडचीच! ज्या सीटला वैतागून मी बस धरली, तीच माझ्या नशिबी आली. फक्त मांडीवर नकाशा नव्हता. म्हणून मला समुद्र दिसला. तो कसा होता ते लिहायला हवं, पण मला सांगता येत नाही. आतापर्यंतच्या सुट्ट्यांमधला सगळा निळा रंग एकदम माझ्या वाट्याला आला होता, एवढं खरं. उसाची शेतं दिसली, माणसापेक्षा उंच. लाकडाची इवलीशी घरं, दारात कपडे वाळत घातलेले, आणि नीरफणसाची झाडं. हो, आपला कोकणातला नीरफणस! तिथे तो निखाऱ्यावर भाजून लोणी लावून खातात.

वळणं सुरू झाली आणि माझ्या हातून ती गोष्ट घडली. युडोराबाईंनी पिशवीत संत्रं दिलं होतं. ते मी कधी काढलं, कधी सोललं, दोरे कधी काढले, मला पत्ता नाही. डोळे बाहेर आणि हात आपल्या कामात. भान आलं तेव्हा माझा हात मार्वाच्या तोंडासमोर होता आणि हातात संत्र्याची फोड. बी काढलेली.

मार्वाने एकदा फोडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आ करून ती खाल्ली. मागची सगळी बस हसायला लागली. मी शरमेने लाल झाले. सवय आहे, नवरा गाडी चालवतो तेव्हा द्यावी लागते, असं कसंबसं म्हटलं.

"छान सवय आहे," मार्वा म्हणाली. "आणि तू चालवतेस तेव्हा तुला कोण भरवतं?"

तिने सहज विचारलं होतं. मला ते प्लास्टरचे दिवस आठवले. धडधाकट डावा हात मांडीवर ठेवून डॉक्टर रस्ता बघत बसायचे, "ब्रेक, ब्रेक" म्हणायचे. संत्रं कुणी सोललं नव्हतं. मला एकदम इतका राग आला की उरलेलं संत्रं मी मार्वालाच देऊन टाकलं.

संध्याकाळचे सामने

रोज संध्याकाळी व्हरांड्यात आमचा हिशेब व्हायचा. समोर तळलेले उडते मासे. डॉक्टर मूळचे वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मासा पुढ्यात आला की त्यांचा निम्मा राग उतरतो. उडता मासा आपल्या बांगड्याइतका मातब्बर नाही, पण मसाला भरून तळला की नावं ठेवायला जागा नाही.

"आज सगळा पश्चिम किनारा केला," डॉक्टर सांगायचे. "दोन चर्च, एक किल्ला, एक बाग."

"मी मासळीबाजारात एका कोळणीकडून मासा कापायला शिकले. तिचा मुलगा लेस्टरला असतो."

"गुहा पाहिली."

"मी बसस्टॉपवर पाऊस पाहिला. आम्ही सहाजणी एका छत्रीत होतो."

ते बघायचे, मी भेटायची. मनातून मला कळत होतं की त्यांची गाडी रोज कुठेतरी वाट चुकते आहे. एके दिवशी नकाशा घामाने फाटला होता, दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की या बेटावरच्या पाट्या उसात लपतात. पण "चल उद्या माझ्याबरोबर" हे त्यांच्या तोंडून निघेना आणि "येते" हे माझ्या. आम्ही दोघेही हट्टाला पेटलो होतो. युडोराबाई मध्ये बसून भोपळा किसायच्या. नोव्हेंबरात तिथे घरोघर कॉन्की करतात. मक्याचं पीठ, भोपळा, खोबरं आणि गूळसाखर केळीच्या पानात बांधून उकडायची. पहिला घास खाल्ला आणि डॉक्टर म्हणाले, "अगं, पातोळ्याच या!" मी म्हटलं, "पातोळ्यांना हळदीचं पान लागतं." एरवी मी हो म्हटलं असतं.

उसात

पूर्व किनाऱ्यावर बाथशीबा नावाचं ठिकाण आहे. तिथे समुद्र पोहायचा नाही, फक्त समोर उभं राहून ऐकायचा. मोठमोठे खडक पाण्यात उभे आहेत आणि लाटा थेट आफ्रिकेकडून येतात म्हणे. तिथून परतताना मला मार्वाचीच बस मिळाली. एव्हाना माझी तिच्याशी गट्टी जमली होती, पुढची सीट माझी ठरलेली होती आणि संत्रंही.

उसातल्या एका वळणावर मार्वाने करकचून ब्रेक दाबला. रस्त्याकडेच्या चरात एक पांढरी गाडी नाक खुपसून पडली होती. नंबरप्लेटवर एच. बॉनेटवर नकाशा पसरून, टोपी घातलेला एक गृहस्थ त्यावर बोट ठेवून उभा होता.

मी खाली उडी मारली आणि धावले. "लागलं का कुठे? मनगट? मान?"

"काही लागलं नाही," डॉक्टर म्हणाले. चेहरा पांढराफटक होता. "नकाशात हे वळणच नाही." मग बसकडे वळून त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, "थँक गॉड, कॅन समवन प्लीज..."

"गुड आफ्टरनून," हॅटवाल्या आजी खिडकीतून म्हणाल्या. हो, त्याच त्या.

डॉक्टर गोंधळले. मी मराठीत पुटपुटले, "अहो, आधी गुड आफ्टरनून म्हणा. सगळ्यांना."

उन्हात, चरात पडलेल्या गाडीशेजारी उभं राहून माझ्या नवऱ्याने टोपी काढली आणि अख्ख्या बसला गुड आफ्टरनून म्हटलं. बसने उलट म्हटलं. मग सगळे पुरुष आणि निम्म्या बायका खाली उतरल्या आणि हा हा म्हणता ती गाडी उचलून रस्त्यावर ठेवली. पुढचं चाक मात्र वाकडं झालं होतं. गाडी आता कुठे जाणार नव्हती, डॉक्टर बसने जाणार होते.

आता या ठिकाणी चांगली बायको काय करील? पुढची ऐसपैस सीट दमलेल्या नवऱ्याला देईल. माझ्या मनात आलंही. पण मी चढले आणि माझ्या जागेवर बसले. मागे आरोळी उठली, "स्मॉल अप! स्मॉल अप!" म्हणजे अंग चोरा, एकाला जागा करा. आमचे डॉक्टर हॅटवाल्या आजी आणि शेवग्याच्या शेंगांएवढे पाव घेतलेला एक माणूस यांच्यामध्ये अंग चोरून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच, असं मला वाटतं. मी संत्रं सोललं आणि फोडी मार्वाला दिल्या. पाठीवर त्यांची नजर मला जाणवत होती.

रात्रीच्या जेवणाआधी व्हरांड्यात ते म्हणाले, "त्या बाईला तू संत्रं भरवत होतीस."

"जो चालवतो त्याला मिळतं. तुम्हीच घालून दिलेली पद्धत आहे."

मग मीच बोलले, कारण आता आत ठेवण्यात अर्थ नव्हता. "पंचवीस वर्षं मला त्या सीटवर बसायचं नव्हतं. मला चालवायला आवडतं. तुमचा हात मोडला होता तेव्हा मी सुखात होते, आणि प्लास्टर निघालं तेव्हा रडले. स्वयंपाकघरात."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुमचं लक्ष रस्त्याकडे होतं."

डॉक्टर टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत बसले. मला आधी वाटलं, रागावले. नीट पाहिलं तर त्यांना खरंच काही सुचत नव्हतं.

सकाळी युडोराबाईंनी टेलिफोन त्यांच्यापुढे आणून ठेवला, दुसरी गाडी मागवायला. डॉक्टरांनी टेलिफोनकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बस कधी असते?"

"येते तेव्हा असते," मी म्हटलं.

उरलेली सुट्टी आम्ही बसने केली. माणूस मोठा उत्साही निघाला. चढताना "गुड मॉर्निंग" असं ठणठणीत म्हणायचा की मागच्या सीटवरच्या झोपलेल्या बाया दचकून उत्तर द्यायच्या. एका आजोबांचा गुडघा त्यांनी चालत्या बसमध्ये तपासला. तरीही रोज एकदा म्हणायचेच, "पुढच्या वेळी जीप घेऊ." माणूस एका सुट्टीत किती बदलणार?

गॅटविक ते नॉटिंगहॅम

विमानतळाच्या कार पार्कात आमची गाडी गोठलेल्या दवाने पांढरी झाली होती. डॉक्टरांनी काच खरवडली. मी सामान ठेवलं. मग सवयीने ते उजव्या दाराशी गेले, आणि पाहतात तर मी आधीच तिथे उभी. मी हात पुढे केला. मनगट दाखवायला नव्हे.

"रात्रभर प्रवास झालाय," ते म्हणाले. "मोटरवेवर फॉग असेल. तुझा हात..."

"किल्ली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि गाडीला वळसा घालून डावीकडे गेले. त्यांना सीट मागे सरकवावी लागली; ती माझ्या पायांच्या मापाची होती.

पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. मी परत चालू केली. लंडनभोवतीच्या एम ट्वेंटीफाइव्ह मोटरवेवर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, ते मला दिसत होतं. त्यांनी नकाशा उघडला, पण पाट्या ढळढळीत समोर होत्या, म्हणून परत मिटला. लूटन गेलं. शेतांवर धुकं होतं आणि माझी नजर रस्त्यावर होती, म्हणून मी त्याचं वर्णन करू शकत नाही.

नॉर्थॅम्प्टनच्या पुढे कधीतरी शेजारी सालाचा वास आला. युडोराबाईंनी निघताना दिलेलं शेवटचं संत्रं डॉक्टर सोलत होते. ऑपरेशन करणारे हात, पण संत्र्यापुढे नवशिके. रस सगळा पँटवर. मग एक फोड माझ्या तोंडासमोर आली. दोरे तसेच होते.

मी आ केला. चावलं. दाताखाली बी आली.

"बिया काढायच्या असतात," मी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं.

पुढची फोड यायला बराच वेळ लागला. पण ती आली तेव्हा तिच्यात बी नव्हती.